गॅलरीतली हालचाल

"खिडकी सोडून बोल," सिद्रामप्पा म्हणाले. "पाणी पाहिजे, देतो. च्या पाहिजे, मागवतो. खिडकी उघडायची नाही."

मी त्यांच्या दारात, ट्रायपॉड खांद्यावर. अंधारा जिना चढून आलेलो. पाठीवरची बॅग घामानं चिकटलेली.

"काका, पाचच मिनिटं. समोरच्या घराचा एक फोटो काढायचाय."

"कशाला?"

हे सगळेच विचारतात. मला अजूनही नीट उत्तर देता येत नाही.

"चांगलं आहे घर."

"मग खाली बोळात उभारून काढ की."

"खालून काढलं की घर मागं रेलल्यासारखं येतं. आणि अर्धंच बसतं. समोरासमोर पाहिजे. तुमची खिडकी बरोबर समोर आहे."

"रेलू दे की," ते म्हणाले आणि दार लावलं.

दार लागता लागता त्यांच्या मागं ती खिडकी दिसली. दोन फळ्यांची, जुनी. फळ्यांवर आडवी पट्टी ठोकलेली. खिळे गंजून काळे पडलेले.

ही सोलापुरातली गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या एका बोळातली. बरीच वर्षं झाली आता.

मी तेव्हा मोईनभाईंच्या दुकानात होतो. सीसीटीव्ही बसवायचं काम. शिडी लावायची, ड्रिल मारायचं, वायर ओढायची, कॅमेरा कुठं बघतोय ते गिऱ्हाइकाला मोबाइलवर दाखवायचं. मी मंगळवेढ्याकडचा. विजापूर वेशीत एका खोलीत माझी कॉट होती. खोलीत आम्ही चौघं, पण ड्युट्या अशा की मी उठायचो तेव्हा बाकीचे झोपलेले, आणि मी झोपायचो तेव्हा त्यांच्या कॉट रिकाम्या. एकाचं तर नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची बादली निळी होती एवढंच माहीत.

कॅमेरा सेकंडहँड घेतलेला. यूट्यूब बघून शिकलो. रविवारी सकाळी निघायचं आणि जुनी घरं शोधायची. सोलापुरात अशी घरं लपून बसलीत. खाली कापडाची दुकानं, बोर्ड, वायरींचं जंजाळ. वर बघितलं तर चुन्यातले सिंह, पऱ्या, वेलबुट्टी, घर बांधल्याचं साल. कोणी वर बघत नाही. मी बघायचो. घराचं एक बरं असतं, तासभर बघत उभं राहिलं तरी ते 'काय पाहिजे?' म्हणत नाही.

माझा एक नियम होता. फ्रेममध्ये माणूस नको. दूधवाला गेला, झाडणारी बाई गेली, रिक्षा गेली, की मग क्लिक. मोईनभाईंना एकदा फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "का बे नागेश, ह्या गावाला झालं काय? सगळे मेले का?"

बोळातलं ते घर सगळ्यात भारी. वर लाकडी गॅलरी. गॅलरीच्या कमानीला दोन्ही बाजूंनी चुन्याचे मोर, पिसारे खाली सोडलेले. मधे नंदी, त्याच्याखाली १९३१. डाव्या मोराला मान नव्हती. वर्षभर सगळी सावली. पण दिवाळीनंतर थोडे दिवस, सकाळी, दोन घरांच्या फटीतून ऊन येतं आणि सरळ त्या मोरांवर पडतं. आदल्या वर्षी मला ते अचानक दिसलं होतं. बोळातून काढलं, वाकडं आलं. वर्षभर तो वाकडा फोटो डोक्यात राहिला. या वेळी आधीच जागा बघून ठेवायची होती, म्हणून श्रावणातच खिडकी मागायला गेलो होतो.

खाली मल्लूचा चहाचा गाडा. मला ट्रायपॉड घेऊन उतरताना बघून तो हसायला लागला.

"छत्रीवाल्याकडं गेलतास? खिडकी मागितलास? अरे देवा!"

"का? काय झालं?"

"समोर राहतोय तो रेवणप्पा त्यांचा सख्खा भाऊ. धाकटा. आई गेल्यावर वाटणीचं निघालं. सिद्रामप्पाला पुढची भिंत पाडून शटर काढायचे होते, दुकानाचे गाळे. रेवणप्पा म्हणाला, मोराला हात लावू देणार नाही. शब्दाला शब्द लागला. ह्यांनी हातोडी आणली आणि एका मोराची मानच उडवली."

"मग?"

"मग सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन शपथा! हे म्हणाले, तुझी नक्षी तुला लखलाभ, त्या घराकडं परत डोळा वर करून बघणार नाही. तो म्हणाला, तुझ्याशी परत तोंड उघडून बोलणार नाही. आणि हे समोरच्या गोडाऊनवर राहायला आले. आता दोघांच्या बायका गेल्या, ह्यांची पोरं पुण्याला, त्याची पोरगी विजापूरला. शपथा हायत अजून."

"पण समोरच राहतात. जाता-येता दिसणारच की."

"छत्री!" मल्लूनं गाळणी तशीच तिरकी धरून दाखवली. "उन्हाळा, हिवाळा, छत्री. त्या बाजूला वाकडी करून. बोळात नवा माणूस आला की विचारतोय, ह्यांना पाऊस एकाच बाजूनं लागतो का."

"आणि तो रेवणप्पा?"

"तो आमचा रेडिओ. रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचा. मोठ्यानं! पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. अख्ख्या बोळाला फुकट बातम्या." मल्लूनं कप पुढं केला. "आता बंद पडला रेडिओ. घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला."

नंतर एक दिवस सिद्रामप्पा दुकानात हजर. छत्री काखेत. माझ्या टी-शर्टवर दुकानाचं नाव होतं, ते वाचून आलेले.

"ते तुमचं क्यामेरा," ते मोईनभाईंना म्हणाले, "त्यातलं टीव्हीवर दिसतंय ना?"

"दिसतंय की."

"मग मला एक बसवा. खिडकीच्या खाली, भाईरनं. समोरच्या गॅलरीवर तोंड करून."

मोईनभाईंनी माझ्याकडं बघितलं. मला राहवलं नाही. "काका, पण तुमची शपथ आहे ना? त्या घराकडं बघायचं नाही म्हणून?"

"टीव्हीत बघणं म्हणजे बघणं काय बे? टीव्हीत मी रोज दिल्ली बघतो. दिल्लीला गेलो का मी?"

मोईनभाईंना हसू आवरेना. तरी म्हणाले, "दुसऱ्याच्या घरावर कॅमेरा लावता येत नाही, अप्पा. तक्रार होते."

"तो करणार नाही. तक्रार करायला बोलावं लागतंय." मग माझ्याकडं वळून, "तम्मा, तू बसवून दे. खिडकी तुझी. मी आतल्या खोलीत बसतो, तू पाहिजे तेवढे फोटो काढ."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पेठेत कोणीही कोणालाही म्हणतं तसं. तरी मला बरं वाटलं.

ते गेल्यावर मोईनभाई म्हणाले, "कोर्टाचं काहीतरी असणार. भावाविरुद्ध पुरावा गोळा करूलालेत. तू कशाला मधे पडतोस?"

मलाही तसंच वाटलं होतं. पण खिडकी मिळत होती.

रविवारी शिडी लावली. खिडकीखाली भोक पाडत होतो तेव्हा पाठीमागं कोणीतरी आहे असं वाटलं. वळून बघितलं. गॅलरीत रेवणप्पा. बारीक माणूस, बनियन, गळ्याला मफलर गुंडाळलेला. दोन्ही हात कठड्यावर. काही बोलला नाही. बोलता येतच नव्हतं म्हणा. फक्त बघत होता. इतका जवळ की बोळाच्या पलीकडून त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

आतून सिद्रामप्पा ओरडायला लागले. "दिसलं, दिसलं! जरा वर कर! डोकं कापूलालंय त्याचं!"

मी कॅमेरा वर केला.

"हां. बास. मोठं करता येतं का?"

"येतं."

"नको करू."

मी आत आलो. ते टीव्हीसमोर खुर्चीच्या टोकावर बसलेले. पडद्यावर गॅलरी, आणि गॅलरीत भाऊ. कॅमेऱ्याच्या भिंगानं घर दोन्ही कडेला वाकलेलं. मला तो आकार बघवेना.

"तो सकाळी भाईर आला की ह्यात घंटी वाजते काय?"

"मोबाइलवर मेसेज येतो. फोटोसकट."

"माझ्याकडं साधा डबडा आहे. तुझ्या मोबाइलवर येऊ दे. नाही आला, तर मला फोन कर."

"आला तर ना?"

"नाही आला तर." त्यांची नजर टीव्हीवरच. "आधी ऐकू यायचं रे. ह्या फळ्यांच्या मागं बसलं की सगळं ऐकू यायचं. कुठं काय झालं, कोण गेलं, कोण निवडून आलं. आता कसं कळणार तो उठला का नाही?"

मी पक्कड घेऊन खिडकीचे खिळे उपसायला लागलो. पहिला खिळा निघताना एवढा आवाज झाला की ते उठून आतल्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला. टीव्हीही नंतर आतच नेला.

पहिले काही दिवस कबुतरांनी वैताग आणला. कबूतर बसलं की मेसेज. मग मी अॅपमध्ये फक्त खुर्चीभोवती चौकोन आखला. त्या चौकोनात काही हललं तरच कळणार. कॅमेऱ्याला नाव दिलं, कोनापुरे गॅलरी. ते त्यांचं आडनाव.

मग रोज सकाळी मेसेज यायला लागला. कोनापुरे गॅलरी – मोशन डिटेक्टेड. सोबत बारका फोटो, रेवणप्पा खुर्ची उघडताना.

मला सकाळी कोणाचा मेसेज येत नसे. मित्र गावाकडं, त्यांची लग्नं झालेली. घरी फोन केला की आई विचारायची जेवलास का, आणि मग दोघांनाही पुढचं सुचायचं नाही. त्यामुळं तो मेसेज आला की मी कॉटवर पडल्या पडल्या उघडून बघायचो. आज स्वेटर घातलाय. आज दाढी केलीय. मेसेजला उशीर झाला की उठून बसायचो.

थोड्या दिवसांनी वेगळंच दिसायला लागलं. खुर्चीत बसला की रेवणप्पा पेपर उलटा धरायचा. पहिलं पान आमच्या कॅमेऱ्याकडं. तसंच धरून ठेवायचा, हात दुखेपर्यंत. मग दुसरं पान. मला वाटलं चेष्टा करतोय, की बघा बघा, काय बघायचं ते बघा.

रविवारी सिद्रामप्पांना म्हणालो, "काका, तुमचे भाऊ खवचट आहेत."

"खवचट काय? वाचून दाखवूलालाय तो." ते भाकरी मोडत होते. "बारकी अक्षरं दिसत नाहीत. पण त्याला सांगायचं कसं?"

रविवारी माझं जेवण तिथंच व्हायला लागलं होतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ते वाढायचे आणि मी खाताना शेजारी बसायचे. जास्त बोलायचे नाहीत. मीही नाही.

दिवाळी झाली. थंडी पडली. आणि एका रविवारी ऊन आलं. फटीतून आधी नंदीवर, मग सरकत मोरांवर. चुना एकदम साईसारखा दिसायला लागला. मी खिडकीत ट्रायपॉड लावून तयार. सगळ्या रेघा सरळ. पण मधोमध खुर्ची, आणि खुर्चीत रेवणप्पा, पेपर घेऊन.

मी थांबलो. तो उठेना. ऊन गेलं, मग उठला.

"झाला का फोटो?" आतून आवाज.

"नाही काका. ते बसलेत."

"मग बसलेलाच काढ की."

"माणूस नको मला. माणूस आला की लोक माणसाकडंच बघतात. घर कोणी बघत नाही."

पडद्यामागं ते हसले. "मग लोकांचं काय चुकलं?"

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी ढग. सिद्रामप्पांना मजा वाटायला लागली. "बघ कसं आहे तम्मा. तो खुर्चीत आला म्हणून मी खूश, आणि खुर्चीतनं जात नाही म्हणून तू नाराज." मी एकदा हातानं खूण केली, जरा आत जाता का. रेवणप्पानं हात हलवून नमस्कार केला आणि पान उलटलं.

मग तो रविवार.

जाग आली ती उशिरा, आणि मोबाइलवर काही नाही. वाटलं नेट गेलं असेल. अॅप उघडलं. कॅमेरा चालू. गॅलरी रिकामी. मोरांवर ऊन यायला लागलेलं. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली, रात्री ठेवतात तशी.

सिद्रामप्पांना फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत उचलला.

"नाही ना आला?"

"नाही."

"ये."

गाडीला किक मारली तेव्हा लक्षात आलं, कॅमेऱ्याची बॅग पाठीवर आहे. रविवार म्हणून सवयीनं अडकवलेली.

ते आतल्या खोलीत, टीव्हीसमोर. चहा समोर तसाच, वर साय धरलेली. छत्री दाराच्या खिळ्याला.

"तू जाऊन बघून ये," ते म्हणाले.

मी आधी खिडकीशी गेलो. का गेलो माहीत नाही. फळ्या ढकलल्या.

समोर तेच होतं. वर्षभर डोक्यात होतं ते. ऊन दोन्ही मोरांवर, मान असलेल्या आणि नसलेल्या. नंदी, १९३१, कमान, कठडा, सगळं सरळ, सगळं मोकळं. बोळात कोणी नाही. कबूतर नाही. गॅलरीच्या फरशीवर फक्त पेपर पडलेला, पोऱ्यानं खालून फेकलेला, रबर लावलेला. असं ऊन पाच-दहा मिनिटं राहतं. माझा हात बॅगेच्या चेनवर गेला आणि तिथंच राहिला.

मला तो फोटो नको होता. मला तिथं खुर्ची पाहिजे होती.

"काका," मी म्हणालो, "मी जाऊन काय करू? मी त्यांचा कोण? तुम्ही चला."

ते टीव्हीकडंच बघत राहिले. त्यातही तेच रिकामं घर, कडेनं वाकलेलं.

"मला जाता येत नाही तम्मा. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

ते उठले. चपला घातल्या. खिळ्यापाशी हात वर गेला, सवयीनं, आणि छत्रीला न लावता खाली आला.

"येऊ का मी?"

"नको. तू इथंच थांब."

जिन्यावर त्यांची पावलं. मग ते खाली बोळात दिसले. मल्लूनं त्यांना बिनछत्रीचं बघितलं आणि स्टोव्ह बंद केला. सिद्रामप्पांनी मान वर केली. खालून वर, पूर्ण, दगडी जोत्यापासून नंदीपर्यंत बघितलं. खूप वेळ. मग दार ढकललं. ते नुसतंच लोटलेलं होतं.

आत गेले. मी गॅलरीच्या दाराकडं बघत राहिलो.

ते दार उघडलं आणि सिद्रामप्पा बाहेर आले. बोळ एवढा अरुंद की ओरडायची गरज नव्हती.

"गेला रे," ते मला म्हणाले. "झोपेतच. गार पडलाय."

मी पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली.

त्यांनी डाव्या मोराकडं बघितलं. जिथं मान तुटली होती तिथं हात ठेवला, चुन्याची पावडर बोटाला लागली ती धोतराला पुसली. मग खुर्ची उघडली. वाकून पेपर उचलला, रबर काढलं. खुर्ची आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून ठेवली आणि बसले.

आणि वाचायला लागले. मोठ्यानं.

जिल्ह्यात थंडीचा कडाका वाढणार. ज्वारीचे भाव. पुलाचं काम. बारकं अक्षर आलं की पेपर डोळ्याशी न्यायचे, अडखळायचे, परत पहिल्यापासून वाचायचे. प्रत्येक बातमी संपली की आत बघायचे, ऐकलंस का, असं. खाली माणसं जमली. कोणी वर जाईना. मल्लू डोक्यावरची टोपी काढून उभा.

खिशात मोबाइल थरथरला.

कोनापुरे गॅलरी – मोशन डिटेक्टेड.

ते निधनवार्तेपर्यंत वाचत गेले. तोपर्यंत ऊन मोरांवरून उतरलं होतं. विजापूरला, रेवणप्पाच्या पोरीला, फोन मग मी लावला.

त्या घराचा समोरून काढलेला सरळ फोटो माझ्याकडं नाही. नंतर पोरीनं ते विकलं, घेणाऱ्यानं पाडलं. जपून ठेवलाय तो एकच, त्या सकाळी मेसेजबरोबर आलेला. बारका, कडेनं वाकलेला, मधे पाठमोरा माणूस.

तेरावं-चौदावं उरकल्यावर मी शिडी घेऊन कॅमेरा काढायला गेलो. सिद्रामप्पा खिडकीत उभे. खिडकी सताड उघडी.

"काढू नको," ते म्हणाले. "आत घे. माझ्या खुर्चीकडं तोंड कर त्याचं."

"तुमच्याकडं?"

"मी उठलो की तुला मेसेज जाऊ दे."

मी भिंतीत नवीन भोक पाडलं. ते खुर्चीत बसले, हात हलवून बघितला. माझ्या मोबाइलवर मेसेज आला. दाखवला त्यांना. स्वतःकडं बघून म्हणाले, "म्हातारा झालाय की हा." मग जरा वेळानं, "आणि तू उठलास ते मला कसं कळणार?"

मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मी ड्रिलची वायर गुंडाळत बसलो, ती गुंडाळून झाली तरी.

"मिसकॉल देत जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला. खोलीत सगळे झोपलेले. मी पांघरुणात तोंड घालून त्यांचा नंबर लावला. एक रिंग वाजली आणि त्यांनी कट केला.